पावसाळ्याआधी गोळ्या मोजा

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी पावसाळ्यात ठरलेली. नदीपलीकडच्या गावात एचआयव्हीची गोळी रोज घेणारं कुणी असेल, तर त्याच्या डबीत त्या दिवशी किती गोळ्या उरल्या होत्या, हे मात्र बातमीत येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत या आजाराच्या उपचाराबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. औषध चांगलं आहे, सरकारी केंद्रात फुकट मिळतं आणि बहुतेकांना दिवसातून एकच गोळी लागते. अडतं ते नदी, रोवणी, मिरचीची तोडणी आणि शेजाऱ्याची नजर यांच्यापाशी.

आधी गोळीची ओळख करून घेऊ. तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लामिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं तिच्यात आहेत. विषाणू आपल्या सीडी-४ पेशीत शिरतो, स्वतःची नक्कल तयार करतो आणि ती नक्कल पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. पहिली दोन औषधं नक्कल होऊ देत नाहीत, तिसरं ती घुसू देत नाही. पण आधीच घुसून काही पेशींत निपचित पडलेला विषाणू कोणत्याच गोळीला सापडत नाही. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो. उपचार जन्मभर चालवावा लागतो तो यामुळे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं सगळ्यांत महागात पडतं तेही यामुळेच.

इथवर यायला वेळ लागला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा परदेशी कंपन्यांचा तोच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केला. मात्र पुढची कित्येक वर्षं सीडी-४ ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळी मिळत नसे. ‘तुमची ताकद चांगली आहे, सहा महिन्यांनी या’ असं ऐकून परतलेले आणि पुन्हा न आलेले लोक जुन्या समुपदेशकांना आठवत असतील. २०१७ पासून ती अट गेली. तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू होतो. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर आठवडाभरात. त्या काळी परत पाठवलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर नियम बदलल्याचं त्यांना जरूर सांगा.

तपासणी ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात होते, पैसे लागत नाहीत. निदान एका चाचणीवर ठरत नाही, वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. गावातल्या शिबिरात एका थेंबावर केलेली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर खात्रीच्या चाचण्यांआधी कोणताही निष्कर्ष काढू नका. अंगावर पांढरं जाणं, जननेंद्रियावर जखम किंवा फोड असेल तर त्याच भेटीत एचआयव्ही आणि गरमीची तपासणी मागून घ्या, कारण अशा आजारांत एचआयव्हीची लागण सोपी होते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावर काढायची ती सवय अजून पुरती मोडलेली नाही.

गोळी सुरू करताना दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक, खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं. म्हणजे टीबीची शंका. दोन, सतत डोकं दुखणं आणि मान आखडणं. म्हणजे मेंदूज्वराची शंका. टीबी निघाला तर साधारणपणे आधी टीबीची औषधं आणि दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची गोळी. मेंदूज्वर असेल तर गोळी काही आठवडे मुद्दाम लांबवतात. ताकद फार खाली गेलेल्या माणसाला गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अचानक ताप येतो, गाठी सुजतात. शरीर सावध होऊन आत लपलेल्या जंतूंशी लढू लागतं, त्याचा तो परिणाम असतो. ‘गोळी बाधली’ म्हणून ती बंद करून पुजाऱ्याकडे जाण्याऐवजी केंद्रात जा. पुजाऱ्याकडे जायचंच असेल तरी हरकत नाही, पण गोळी चालू ठेवून. यावर मी वाद घालणार नाही.

डोलुटेग्राविरने काहींची झोप उडते. त्यांनी गोळी सकाळी घ्यावी. काहींचं वजन वाढतं, साखर वाढू शकते. टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. डोलुटेग्राविरमुळेही क्रिएटिनिनचा आकडा सुरुवातीला थोडा चढतो आणि त्यात मूत्रपिंडाला इजा नसते. कागद पाहून घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळी घ्यायची राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

आता आपल्या जिल्ह्यांचं म्हणून जे वेगळं आहे ते. पुण्या-मुंबईच्या पुस्तिकेत हे एका जागी सापडणार नाही.

पहिलं सिकलसेल. एकाच माणसाला सिकलसेल आणि एचआयव्ही दोन्ही असणं इथे अशक्य नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं हळूहळू थकतात आणि टेनोफोविरचा भारही तिथेच पडतो. म्हणून अशा रुग्णाचं क्रिएटिनिन अधिक वेळा बघायला हवं. टेनोफोविर चालत नसेल तेव्हा पर्याय म्हणून झिडोव्हुडिन पुढे येऊ शकतं, पण ते रक्त कमी करतं. तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची गोळी मिळते त्या केंद्रात, पहिल्याच दिवशी दाखवा आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर तेही सांगा. दोन्ही आजारांच्या खिडक्या वेगळ्या असतात. एका खिडकीला दुसरीची खबर देणारे बहुतेक वेळा तुम्हीच.

दुसरं मलेरिया, ज्यात गडचिरोली राज्यात कायम पुढे असते. सीडी-४ कमी असलेल्यांना इतर जंतूंपासून बचावासाठी कोट्रायमोक्साझोलची गोळी रोज देतात. ती सल्फा जातीची आहे. मलेरियावरच्या एका संयुक्त उपचारात सल्फाडॉक्सिन असतं, तेही सल्फाच. दोन्ही एकत्र नकोत. आशाताईंनी बोट टोचून मलेरिया काढला आणि गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं, की ‘मी रोज सल्फाची गोळी घेतो’ एवढं वाक्य बोला. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असणारे लोक आदिवासी समाजांत बरेच आहेत. त्यांना प्रायमाक्विनने आणि कधी सल्फानेही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. लघवी गडद चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

तिसरं टीबी. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध शरीरातलं डोलुटेग्राविर लवकर संपवून टाकतं. म्हणून टीबीचा उपचार चालू असताना टीएलडी घेतल्यावर बारा तासांनी डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी घ्यायची असते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. ही दुसरी गोळी सर्रास विसरली जाते. टीबी नसल्याची खात्री झाली की आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा प्रतिबंधक कोर्स मिळतो. तोही अर्धा सोडू नका.

चौथं लोह आणि कॅल्शियम. गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या हमखास दिल्या जातात. उपाशीपोटी त्या डोलुटेग्राविरसोबत घेतल्या तर डोलुटेग्राविर त्यांना चिकटून आतड्यातून तसंच निघून जातं. जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. नाहीतर एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. पित्तासाठी घेतलेल्या अँटासिडला मात्र जेवणाची सवलत नाही. तिथे दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच नियम. फिट येण्यावर फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते लिहून घ्यायला लावा. पहिली दोन एचआयव्हीच्या गोळीचा जोर कमी करतात, आणि मेटफॉर्मिनचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नसतो.

आणि मोहाची दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. प्यायची ती माणसं दोन्हीकडे पितात. ‘आज घेतली आहे, म्हणून गोळी नको’ असा एक समज पक्का बसलेला आहे. बाजाराच्या दिवशी, लग्नात, सणाला गोळी चुकते ती अशी. दारू यकृताला वाईटच आहे, ती सुटली तर उत्तम. पण प्यालेल्या दिवशीही गोळी घ्यायचीच.

साठवणीचंही बघा. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे सहज जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली त्याहून तापते. डबी माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात ठेवा, पण ओल लागू देऊ नका. ओल शोषणारी पुडी आतच राहू द्या. डबी वाजते म्हणून लोक गोळ्या कागदात बांधून ठेवतात आणि पावसाळ्यात त्या विरघळतात. वर थोडा स्वच्छ कापूस भरला की डबी वाजत नाही. प्रवासात आठवड्यापुरत्या गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत न्याव्यात.

या दोन जिल्ह्यांचं वर्ष पंचांगापेक्षा कामावर चालतं. हिवाळा सरत आला की टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. मग मोहफूल, त्यानंतर तेंदूपत्ता. पाऊस पडला की रोवणी. बल्लारपूर, घुग्घुस, कोरपना या पट्ट्यात कोळसा आणि सिमेंटच्या गाड्यांवरची माणसं महिन्यातले कित्येक दिवस रस्त्यावर असतात. उपचारातले खंड याच दिवसांत पडतात. तेव्हा तारखा आपल्या कामाप्रमाणे आधीच ठरवून घ्या. प्रकृती स्थिर असेल आणि विषाणू दबलेला असेल, तर एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. त्या मागाव्या लागतात, आणि त्या मागायची योग्य वेळ मृग लागण्याआधीची. जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या पावसाचा बहुतेक जोर पार करून देतात.

परगावी जाताना उपचाराच्या नोंदींची हिरवी पुस्तिका किंवा तिचा मोबाइलवर काढलेला फोटो जवळ असू द्या. तिच्यातला एआरटी नोंदणी क्रमांक सांगितला की देशातल्या दुसऱ्या कोणत्याही सरकारी एआरटी केंद्रातून वाटेवरचा रुग्ण म्हणून तात्पुरत्या गोळ्या घेता येतात. खम्मम किंवा वरंगलला गेलेल्या मजुरालाही हे लागू आहे. मुक्काम लांबणार असेल तर रीतसर बदली करून घ्या. मुख्य केंद्र दूर पडत असेल तर जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय विचारा. वाट चुकली, केंद्र सापडेना, तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फुकट आहे. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्ही बाधितांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे आणि संजय गांधी निराधार योजनेतही हा आजार धरला आहे. दोन्हींचे कागद केंद्रातल्या समुपदेशकाकडून करून घ्या. पास दाखवताना आजार उघड होईल म्हणून अनेकजण तिकिटाचे पैसे देणं पसंत करतात. त्यांची भीती खोटी नाही, पण हिशेब त्यांनी स्वतः करावा.

लपवण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून लांबच्या शहरात नाव घालणारे खूप असतात. पहिल्या वर्षी ते जमतं. मग एका पावसात गाडी बंद होते, एका रोवणीत मजुरी बुडवणं परवडत नाही आणि गोळ्या संपतात. घरातल्या निदान एका माणसाला सगळं माहीत असू द्या. पूर आला, अंगात ताप असला, तर तुमच्या वतीने गोळ्या आणायला जाणारं कुणीतरी हवं. बाकी गावाला कळवण्याचं बंधन तुमच्यावर नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणं, निकाल फोडणं, या आजारामुळे नोकरीवरून काढणं किंवा उपचार नाकारणं बेकायदा ठरवलं आहे. तक्रार ऐकायला लोकपालाची तरतूदही त्यातच आहे.

गोळी काम करते आहे की नाही, हे वजनावरून किंवा चेहऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी. ती सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा होते. एका मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त आली तर आधी खंड कुठे पडला ते शोधतात, नियमित गोळ्यांनंतर पुन्हा मोजतात आणि तरीही खाली आली नाही तर दुसऱ्या फळीची औषधं ठरवतात. समुपदेशकाला खोटं सांगू नका. गोळ्या चुकल्या असतील आणि तुम्ही ‘एकही चुकली नाही’ म्हणालात, तर चांगलं औषध विनाकारण बदललं जाईल.

मोजणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे दिलासा द्यायला केलेलं बोलणं नाही. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठी चाचणी झाली. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तिच्यातलं एक केंद्र होती. लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये तिच्यातून दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी विषाणू सापडत नसलेल्यांबाबत शंका उरू दिली नाही. लग्न, मूल, संसार यांवर फुली मारायचं कारण त्यामुळे संपलं. गरोदरपणात हीच टीएलडी चालते. बाळाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे नेव्हिरापिनचं पातळ औषध, सहा महिने फक्त आईचं दूध आणि सहाव्या आठवड्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत ठरलेल्या तपासण्या. बाळंतपणासाठी सरकारी माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या सोयीत) राहायला जाताना पिशवीत स्वतःच्या दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या असू द्या; तिथून केंद्राकडे जायची सोय असेलच असं नाही.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: इंजेक्शन कधी?

इंजेक्शन आलेलं आहे, आपल्या सरकारी कार्यक्रमात ते अजून नाही. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन ही दोन औषधं कमरेखाली दर दोन महिन्यांनी टोचतात. युरोपात २०२० च्या डिसेंबरमध्ये आणि अमेरिकेत २०२१ च्या जानेवारीत त्यांना मान्यता मिळाली. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, गोळ्यांनी विषाणू दबलेल्या लोकांसाठी पर्याय म्हणून ती सुचवली. आपल्या भागाला ती साजेशी वाटतात: घरात डबी नाही, कुणाला दिसत नाही, मिरचीच्या हंगामात गोळ्यांचं ओझं नाही. पण रिल्पिव्हिरिन शीतपेटीत ठेवावं लागतं, आणि तारीख चुकली तर औषध शरीरात महिनोन् महिने थोडं थोडं उरतं. तेवढं विषाणूला मारायला पुरत नाही, पण औषधाला दाद न देण्याचं शिकवायला पुरतं. म्हणजे चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी सावरता येते, चुकलेलं इंजेक्शन त्याहून अवघड. माझ्या मते ही इंजेक्शनं इथे यायची असतील तर लसीकरणाच्या वाटेने यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींची शीतपेटी आहे आणि टोचायला सिस्टर आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून टोचायची असतील तर आजच्या अडचणीत फारसा फरक पडणार नाही.

लेनाकापाविर वर्षातून दोनदाच पोटाच्या कातडीखाली टोचतात. उपचारासाठी ते सध्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूवर, इतर औषधांच्या जोडीने वापरलं जातं. खरी खळबळ प्रतिबंधात झाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवून १२० देशांत विकायची परवानगी ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाली. त्यात पुण्याची एमक्युअर आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्यांकडून २०२७ पासून ते माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळेल, असं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. तोवर धोक्याचा संबंध, अत्याचार किंवा सुई टोचल्याची घटना घडली तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालयात जाऊन २८ दिवसांचा प्रतिबंधक कोर्स मागा.

कायमचं बरं होण्याची गोष्टही खरी आहे, पण ती आपल्या कामाची नाही. टिमोथी रे ब्राऊन या एचआयव्ही असलेल्या अमेरिकन माणसाला रक्ताचा कर्करोग झाला होता. बर्लिनमध्ये २००७ मध्ये त्याच्यावर पेशींचं प्रत्यारोपण झालं. दात्याच्या पेशींना विषाणू शिरतो तो एक दरवाजाच जन्मतः नव्हता. असे बरे झालेले लोक जगात मोजके आहेत, आणि जिवावर बेतणारं ते प्रत्यारोपण कर्करोग नसलेल्यावर कुणी करणार नाही. ‘जडीबुटीने एचआयव्ही निगेटिव्ह करतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र खर्चिक यंत्रणाही नसते, आगाऊ रक्कम तेवढी असते. तो पहिल्यांदा सांगतो, सरकारी गोळी बंद करा. त्या वाक्याला उठून या.

पुढच्या भेटीत आणखी एक काम करून घ्या. हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का ते विचारा आणि निकाल पुस्तिकेत लिहून घ्या. टीएलडीतली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. अचानक बंद झाली तर यकृताला सूज येऊ शकते. दोन महिन्यांच्या इंजेक्शनांचा हिपॅटायटिस बी वर काही उपयोग नाही, त्यामुळे उद्या ती आपल्याकडे आली तर कुणाला द्यायची हे ठरवताना हा निकाल आधी बघितला जाईल.